गणपतीसमोर कासवनौका

१० ऑगस्ट, रवि. ब्रिस्टल
यंदा गणपतीला आरास म्हणून कोरियाची जुनी लढाऊ कासवनौका. लेकीचा, सानिकाचा हुकूम. कोरियातल्या जहाजांच्या कारखान्यात तिला नोकरी चालून आलीय, महिनाअखेर उत्तर द्यायचंय, आणि बाईसाहेब पुठ्ठे कापत बसल्यात. मी विचारत नाही, ती सांगत नाही.
दुपारी सोफ्यावर डोळा लागला. एव्हन नदीतून ती नौका येत होती. संथ वल्ही, पुढच्या टोकावरच्या ड्रॅगनच्या तोंडातून धूर. कुणालाच घाई नव्हती.

१६ ऑगस्ट, शनि.
नौकेच्या कासवाच्या पाठीसारख्या छताला चंदेरी रंग दिला तर लेक वैतागली. "आई, लोखंडाचा पत्रा त्या काळच्या कोरियन रेकॉर्ड्समध्ये नाहीये. तिथे फक्त स्पाइक्स आहेत. पत्र्याचं जॅपनीज लोक म्हणतात." चारशे वर्षं झाली, वाद चालूच. पुन्हा तपकिरी रंग.
खिळे म्हणून टूथपिक खोवल्या. खऱ्या नौकेवर खिळ्यांवर गवताच्या चटया पसरायचे. शत्रू मऊ समजून उडी मारायचा. लबाड!

२४ ऑगस्ट, रवि.
नौका झाली. देखणी. आणि बाप्पा बसणार कुठे? छतभर टूथपिक, नि मूर्तीचं माप दोघींनीही घेतलेलं नाही!
"आत बसव ना. आतून त्याला सगळं दिसतं, बाहेरून तो कोणाला दिसत नाही. तीच तर आयडिया आहे."
देवाला कोंडायचं? म्हटलं, एक बाजू कापू.
"मग ती टर्टल शिप राहणारच नाही!"
पुठ्ठ्यावरून इतकं कोण भांडतं? मला तिने जायला नकोय. इथे तरी लिहिते.

२७ ऑगस्ट, बुध.
बाप्पा पाटावर, नौका त्यांच्यासमोर, देवळात गाभाऱ्यापुढे कासव असतं तशी. सानिकाचंच डोकं. उदबत्ती ड्रॅगनच्या तोंडात. (स्मोक अलार्मचं तोंड आधीच बांधलं.) आरतीत धूर तरंगत पडद्यांकडे गेला, आणि वाटलं, घरच कुठेतरी निघालंय. बरं वाटलं, खरं सांगायचं तर.

२८ ऑगस्ट, गुरु.
दीड दिवसाचे बाप्पा. बागेत बादलीत विसर्जन. शाडू हळूहळू विरघळत होता, आम्ही दोघी नुसत्या बघत बसलो.
मी भांडी घासत होते, सानिका लॅपटॉप घेऊन आली. "मी हो लिहिलंय. तू पाठव ना, तुझ्या हाताने."
शाळेचं पहिलं पेन, गाडीची किल्ली, सगळं माझ्या हातून घ्यायचं, ही सवय मीच लावलेली.
"हात ओले आहेत गं, पुसून येते," म्हणाले, आणि वर येऊन हे लिहीत बसलेय. हात केव्हाच वाळले. ती खालून हाक मारतेय