मार्शलांची यादी

अण्णा, चिडून लिहितोय. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, तरी हा राग जात नाही.

आजोबा खडकीत ज्या साहेबाच्या बंगल्यावर माळी होते, त्याचं आडनाव तुम्ही गॅझेटात छापून घेतलंत आणि आपण मार्शल झालो. मग वहीत कात्रणं चिकटवत बसलात: एक मार्शल वेगवान गोलंदाज, एक अर्थशास्त्रज्ञ, एक सांचीचे स्तूप सावरणारा. हा शेवटचा तुमचा लाडका. "कुणी मूळ आडनाव विचारलं की यादी सुरू कर. लोक ऐकत बसतात, जात काढायची विसरतात." मी दहा वर्षांचा असताना मित्राच्या आईनं थालीपीठ वाढता वाढता विचारलं आणि मी खरं सांगून मोकळा झालो. थालीपीठ मिळालं, पण मित्र पुन्हा कधी मला घरी बोलावेना. तुम्ही कडाडलात, "यादी काय झोपली होती?" तुम्ही तेव्हा मला नुसतं जवळ घ्यायला हवं होतं, अण्णा. तुम्ही वही हातात दिलीत, पाठ कर म्हणालात.

केली की पाठ! काल इथे न्यूनेनमध्ये, या डच गावात, एका मराठी घरी फराळाला गेलो होतो. पुण्याहून आलेल्या आजींनी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला जवळ घेतलं. "मार्शल? अगंबाई, ख्रिश्चन का तुम्ही?" "नो आजी, बुद्धिस्ट," ती म्हणाली. चकलीचं ताट जरा थबकलं. आजी माझ्याकडे वळल्या, "मग मूळचं काय हो?" चाळिशी उलटलेला माणूस मी, ऑफिसात डच साहेबांशी तावातावानं भांडतो. आणि तोंडातून काय निघालं? गोलंदाज, अर्थशास्त्रज्ञ, सांची. आजी "अय्या, हो का!" करत राहिल्या. पोरगी माझ्याकडे टक लावून बघत होती.

सायकलनं परतताना तिनं विचारलं, "बाबा, विच वन इज अवर्स?"

"कुणीच नाही."

"देन हू आर वी?"

आम्ही थांबलो. मी आजोबांची बाग सांगितली, तुमची वही सांगितली, थालीपीठही सांगितलं. शेवटी आपलं खरं आडनाव सांगितलं. तिला ते भारी आवडलं. सायकलवर उभी राहून ती जोरात ओरडली ते, दोनदा.

हे पत्र तुमच्या वहीतच ठेवतो, अजून कुठे पाठवणार? एक मात्र कबूल करतो. दोन्हीकडे मोकळी शेतं होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तरी मी मागे वळून पाहिलं, आणि तिला म्हणालो, "अगं, हळू."