उत्तर टोकाच्या जमिनीबद्दल माझा शेवटचा शब्द

मी, बाउरो ताबूइया, वय वर्षे एकाहत्तर, राहणार आबाटिकू बेट, आयुष्यभरात खलाशी, पाववाला आणि दुकानदार, पूर्ण शुद्धीवर राहून हे लिहून ठेवतो. गाठ पोटात आहे, डोक्यात नाही. मला कुणी धमकावलेले नाही; लाडीगोडी मात्र वर्षभर चालू आहे, तिचा उल्लेख पुढे येईल. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

१. दुकान आणि पावाची भट्टी मुलगी नेई तेरेतिया हिला. अट एकच: गल्ल्यावर तिने स्वतः बसू नये. आमच्याकडे नातेवाइकाने ‘बुबुती’ म्हणून एखादी वस्तू मागितली की नाही म्हणता येत नाही. या बेटावरची सात दुकाने अशीच नात्यागोत्यात विरघळली. माझे टिकले, कारण माझी बायको दुसऱ्या बेटावरची होती आणि इथे तिचे कुणी सगे नव्हते. लोक साखर मागायला येत आणि तिला बघून पैसे काढत. तेरेतियाची जाऊ परबेटावरची आहे. तिला बसवावे.

२. होडी चुलतभाऊ तोकातेके याला. माझे इंजिन त्याने चोवीस वर्षांपूर्वी बुबुतीने नेले. इंजिन आहे, होडी नाही, म्हणून तो समुद्राकडे बघत बसतो. घे बाबा, आता तरी मासे धर.

३. बँकेतली शिल्लक तेरेतियाची मुलगी, माझी नात नेई आरिएता हिला. ती आपल्या जुन्या मित्रदेशात डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षाला होती. नवे राष्ट्राध्यक्ष आले आणि त्यांनी जुने मित्र सोडून नवे धरले. देशांची नावे लिहीत नाही. हा कागद त्या मैत्रीपेक्षा जास्त टिकावा अशी इच्छा आहे. दहा दिवसांत जुन्या मित्रांनी दूतावासाची पाटी उतरवली आणि पोरीची शिष्यवृत्ती थांबली. नवे मित्र म्हणाले, आमच्याकडे या, पहिल्या वर्षापासून, आमच्या भाषेत. ती आता तिसऱ्याच देशात टोमॅटो तोडते. फोनवर म्हणाली, "आजोबा, हाडं सगळी पाठ आहेत अजून. टोमॅटोला एकही नसतं." उरलेले शिक्षण तिने या पैशांत कुठेही, कुणाच्याही मैत्रीत पुरे करावे.

४. कबुली द्यायची ती इथे देतो. या राष्ट्राध्यक्षांना मत मीही दिले. खोबऱ्याचा भाव दुप्पट करीन म्हणाले आणि त्यांनी केला. मग जो तो नारळ फोडायला लागला. जाळी सुकली, अळूकंदाच्या खड्ड्यांत गवत माजले, आणि हातात पैसे आलेले लोक तांदळासाठी माझ्या दारात उभे राहिले. मी हसतमुखाने विकला. धोरण मला कळत होते. नफाही कळत होता.

मग राष्ट्राध्यक्ष बेटावर आले. मनेआबात, म्हणजे गावाच्या सभेच्या मोठ्या छपराखाली, प्रत्येक घराण्याची बसायची जागा ठरलेली असते. माझ्या जागेवरून मी उठलो आणि सगळ्यांदेखत खुद्द त्यांच्याकडेच बुबुती केली: "आम्हाला एक धक्का बांधून द्या." मोठी चलाखी केली असे मला वाटले. ते म्हणाले, "दिला." मनेआबात सगळ्यांदेखत केलेली बुबुती नात्याबाहेरच्यालाही नाकारता येत नाही, त्यामुळे नाही म्हणणे त्यांनाही शक्य नव्हते.

वर्षाने नव्या मित्रांची माणसे आली. दुभाषा माझाच मुलगा काबिरिएरा, तो आता मंत्रालयात असतो. त्यांच्या साहेबाने आमच्या भाषेतला एकच शब्द पाठ केला होता. मनेआबात मांडी घालून बसला आणि म्हणाला, "बुबुती." पुढचे काबिरिएराने सांगितले: धक्का आणि मासळीचा कारखाना यांसाठी माझ्या मालकीचे उत्तर टोक, नव्व्याण्णव वर्षांकरिता.

"बाबा, धक्का तुम्हीच मागितला होतात."

"होडी लागेल एवढा मागितला होता रे."

"देणाऱ्याने मोठा दिला तर तक्रार करायची?"

"हे कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच. दुकानात."

अख्खे गाव बघत होते. ज्याने मागितले त्याच्याकडेही मागता येते, हा आमचाच नियम. मी म्हणालो, "देतो. पण मी गेल्यावर घ्या."

तेव्हापासून काबिरिएरा दर रविवारी फोन करून तब्येत विचारतो. मुलगा वाईट नाही. त्याच्या साहेबांना तारीख हवी असते.

५. राहते घर आणि मनेआबातली आमच्या घराण्याची जागा काबिरिएराला.

६. उत्तर टोक. तिथे अठ्ठावीस नारळ, चार खड्डे, नेई किनाइयाची, माझ्या बायकोची कबर आणि एक विहीर आहे. कोरड्या वर्षी बाकीच्या विहिरी खारट होतात, ही होत नाही. तेव्हा गाव तिच्यावर जगते. कारखान्याला रोज किती पाणी लागेल, असे मी त्यांच्या इंजिनिअरला विचारले. त्याने अभिमानाने सांगितले. मी तीनदा विचारले. आकडा तोच राहिला.

मी शब्द दिला होता. तो येथे मोडतो. उत्तर टोक विहिरीसकट नेई आरिएताला देतो. तिने ते विकू नये, भाड्यानेही देऊ नये. बुबुतीला दिलेला होकार फिरवलेला माणूस या बेटावर मी पाहिलेला नाही. आता गावाने पाहावा.

काबिरिएरा, मला पुरल्यावर पहिली सभा भरेल. दुसऱ्या कुणी तोंड उघडण्याआधी तू ऊठ आणि सांग, "माझ्या बापाने शब्द मोडला." माझी बाजू मांडू नकोस, विहिरीचे नाव काढू नकोस. खाली बस. लाज माझ्यासोबत गेली पाहिजे, आपल्या जागेला चिकटता कामा नये. तुझी नोकरी बहुधा जाईल, हे मला माहीत आहे. माफ कर असे लिहीत नाही. तेही मागणेच होईल, आणि तुला नाही म्हणता येणार नाही.

वाचून, समजून सही केली.
बाउरो ताबूइया
आबाटिकू, १४ सप्टेंबर २०२२

साक्षीदार:
१. नेई रोतिया इओआने, निवृत्त परिचारिका. माझ्यासमोर सही केली; हात थरथरत नव्हता.
२. तेकिमाऊ बेनिआमिना, प्रार्थनाघराचा शिक्षक. सही खरी आहे. शब्द मोडणे मला पटलेले नाही. पाणी मीही त्याच विहिरीचे पितो.