लंगडी कोंबडी कशी आहे

प्रिय छकुले,

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. लंगडी कोंबडी मेली. तुला ते माहीतच आहे. पुराच्या पाण्यातून काखेत धरून तूच तिला शाळेच्या गच्चीवर आणलंस, तिथंच तिनं मान टाकली. तू दिवसभर रडत होतीस आणि मी तुला हसत होते.

आजीच्या उभ्या आयुष्यात समुद्र एकदाच शेतात शिरला. आपल्या वाट्याला तीन वर्षांत चारदा. विहीर खारट झाली, पीक करपलं, घराच्या जागी चिखल राहिला. शाळेत सतरंजीवर दिवस काढत होतो, तेव्हाच ती गोडबोली बाई आली. कोळंबी सोलायचं काम, राहणं-जेवण फुकट, घरटी एक मुलगी. थोरली म्हणून नंबर माझा होता. मी दोन दिवस कण्हत, पांघरूण घेऊन पडून राहिले. ताप नव्हता गं मला. भीती वाटत होती. तू सोळाची, बाईला अठरा सांगून गाडीत चढलीस, वर मलाच औषध वेळेवर घे म्हणून बजावलंस.

पत्रं मुकादम वाचणार, हे तू आधीच ओळखलं होतंस. म्हणून खूणही तूच ठरवलीस. तिथं वाईट असेल तर लंगडी कशी आहे, असं विचारणार होतीस. दुसऱ्याच पत्रात विचारलंस. आईला वाचून दाखवताना मी ती ओळ गाळली. तिसऱ्यात विचारलंस, अंडी देते का. तीही गाळली. धाकटीनं नाव काढलं म्हणून आई सगळ्यांना सांगत सुटली, मी शेजारी बसून मान डोलावली. तू परत आलीस तर बाई मला नेईल, एवढंच डोक्यात होतं. लिहायलाही लाज वाटते, पण खरं हेच.

गेल्या आठवड्यात पुन्हा पाणी चढलं. पुन्हा तीच शाळा, आणि त्याच खुर्चीत तीच बाई. शेजारच्या काकू आपल्या मुलीची वेणी घालत होत्या. चौदाची पोर. म्हणाल्या, तुझी बहीण तिथं सुखात आहे, म्हणून धीर होतो बघ. मी पत्रं काढली आणि सगळ्यांसमोर वाचली, कोंबडीसकट, आणि खुणेचा अर्थही सांगितला. बाईनं काढता पाय घेतला. आई तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही.

तीच पत्रं घेऊन मी कामगार कार्यालयात गेले. तिथल्या मॅडम उद्या पोलिसांना घेऊन तुमच्या कारखान्यात येणार आहेत. ही चिठ्ठी त्या तुझ्या हातात देतील. मी फाटकाबाहेर उभी असेन. मला बघितलंस की तू धावत येशील, तुझा स्वभावच तसा. म्हणून आधी हे वाच. मग यावंसं वाटलं तरच ये.

तुझीच,
तापाचं सोंग घेतलेली ताई