जावईबुवांचे पाय

प्रिय सिस्टर क्लॅरिस,

मागच्या आठवड्यात चिमाबाईंना घेऊन मी तुम्हाला भेटायला तुमच्या पुण्याच्या वृद्धाश्रमात आले, तेव्हा तुम्ही आम्हाला ओळखलं नाहीत.

आमच्या जुन्नरच्या बोर्डिंगात चिमाबाई भाकरी करायच्या. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून एका पवित्र गुरुवारी आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे तुम्ही, परात घेऊन त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसलात. त्या ओरडल्या, "सोडा वो सिस्टर! पाय धुवायला मी काय तुमचा जावई हाय का?" आम्ही मुली पोट धरून हसलो. तुम्हीही हसलात, पण पाय सोडला नाहीत. तेव्हापासून चिमाबाई सगळ्यांच्या 'जावईबुवा' झाल्या.

म्हातारपणी त्यांची एकच इच्छा उरली होती, एकदा तुमचे पाय धुवायची. म्हणून मागच्या आठवड्यात येताना वारूळवाडीच्या घरातून त्यांनी स्वतःचा तांब्या आणला होता. त्या तुमच्यापुढे बसल्या. तुम्ही अनोळखी नजरेने पाहत राहिलात, मग हळूच तो तांब्या त्यांच्या हातून काढून घेतलात आणि त्यांच्याच भेगाळलेल्या पायांवर पाणी ओतू लागलात.

परतताना एसटीत त्या डोळे पुसत म्हणाल्या, "जावयाला वळखलं न्हाई गं, पर मान द्यायचं सोडलं न्हाई."

तुम्ही गेल्याचा फोन आज सकाळी आला. हे पत्र आता कुठे पाठवू? दारात चिमाबाई तोच तांब्या घेऊन उभ्या आहेत. विचारतायत, "रत्ना, आता तरी धुऊ देतील का गं?"

तुमच्या बोर्डिंगातली,
रत्ना