पाहुण्याचा उजवा हात

४ मार्च
पोचले एकदाची. श्रीगोंद्यापासून आत सात किलोमीटर, दोन्ही अंगांना ऊस आणि मध्येच निळ्या पत्र्याची लांबलचक शेड. बाहेरून कांद्याची चाळ वाटावी. आत मात्र रबरी राक्षस, थर्माकोलची यानं, फायबरची हेल्मेटं, मेणाचे मेंदू. सगळं जुन्या विज्ञानपटांतलं, संगणक येण्याआधी माणसांनी हातांनी घडवलेलं. पुण्यात चार वर्षं गणपतीच्या सोंडा घासलेल्या बाईने इथे नाचायचंच बाकी ठेवलं.

मालक आप्पासाहेब सत्तरीचे, उसाचे बागायतदार. तरुणपणी मुंबईला एका स्टुडिओत या वस्तू बनवणाऱ्यांच्या हाताखाली होते. पुढे स्टुडिओ बंद पडला आणि यांनी भंगारात निघालेलं सगळं ट्रकने गावी आणलं. मी त्यांच्या नातीच्या वयाची, तरी मला ‘धनश्रीताई’ म्हणतात. बायको चांगुणाबाई भरभरून वाढतात, बोलत मात्र नाहीत. फाटकावर कानिफनाथ असतो. त्याचा चेहरा जराही हलत नाही. वारं गेलंय म्हणे त्याच्या तोंडावरून. आईला फोन करून सांगितलं, इथे एक महिना मजेत जाईल.

६ मार्च
माझं काम म्हणजे ‘पाहुणा’. एका हिंदी सिनेमात दुसऱ्या ग्रहावरून आलेला, माणसाएवढा, राखाडी. रबराच्या कातडीखाली लोखंडी सांगाडा आणि सांगाड्यातून सायकलच्या ब्रेकच्या तारा. तारा मागच्या फळीवरच्या खटक्यांना जोडलेल्या. एक खटका दाबला की पाहुणा पापणी मिटतो, दुसऱ्याने ओठ विलगतो, तिसऱ्याने उजवी मूठ वळते. म्हणजे वळायची. चाळीस वर्षांत उजव्या हाताचा अगदी भुगा झालाय. डावा तडकलाय, पण तग धरून आहे. चेहरा दोन वर्षांपूर्वी कुणीतरी दुरुस्त केला, आणि काय केलाय! तो बघतोय असं वाटून मी दोनदा ओढणी सारखी केली.

संग्राहक लोकांचं सोवळं फार कडक. नवा भाग सिनेमातल्या चित्राशी सुरकुती न् सुरकुती जुळवायचा. जुळला की तो मूळचाच समजायचा, पुढे त्याला कात्री लावायची नाही. आप्पासाहेबांनी मला हाताचं मोठं छापील चित्र दिलंय. भिंग लावून पाहिलं. लांब, सडपातळ बोटं, थेट माझ्यासारखी.

९ मार्च
आज साचा घेतला. दातांचे डॉक्टर मापाला वापरतात ती पावडर बादलीत कालवली आणि उजवा हात मनगटापर्यंत बुडवून बसले. ओतायला चांगुणाबाई होत्या.

पुण्यात मला साचेकाम शिकवणाऱ्या सरांचा एक नियम होता. जिवंत माणसाच्या साच्यातून निघालेला हात तसाच वापरायचा नाही. त्यावर मातीने काम करून तो परका करायचा, मगच त्याचं रबर ओतायचं. पण या उन्हात माती तासाभरात तडकते, आणि माझा हात चित्राशी आयता जुळत होता. म्हटलं, कुणाला कळतंय. सरळ रबर ओतलं.

१३ मार्च
हात बसवला. आप्पासाहेबांनी चित्र शेजारी धरून तासभर जुळवणी केली आणि डोळे पुसले. मग कौतुकाने म्हणाले की मी तर व्रणसुद्धा सोडला नाही.

अंगठ्याखाली माझ्या लहानपणी विळीने कापल्याचा व्रण आहे. तो रबरात उतरणारच. पण तो चित्रातही आहे. सहा तारखेला नव्हता. मी भिंग लावून पाहिलं होतं. सिनेमा माझ्या जन्माआधीचा आहे.

१५ मार्च
मोबाईल माझा अंगठा ओळखत नाही. दहा वेळा पुसला. उजेडात पाहिलं तर अंगठ्यावर रेषाच नाहीत. व्रणही गेलाय. पावडरने कातडी सोलली असेल, अशी मनाची समजूत घातली.

१६ मार्च
भांडी घासायला बसले होते. चांगुणाबाई शेजारी येऊन पहिल्यांदाच बोलल्या.

“पोरी, उजव्या हाताला पानी गार लागतंय का?”

नव्हतं लागत. त्या उठून गेल्या. जाताना म्हणाल्या, कानिफनाथही पुण्याहूनच आला होता, पाहुण्याचा चेहरा करायला.

१७ मार्च
सकाळी आप्पासाहेब शेडमध्ये खटके तपासत होते. मी ओट्यावर चहा पीत होते. माझी मूठ आपोआप वळली. कप फुटला. फाटकावर कानिफनाथचं तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. आवाज नाही. डोळे मात्र माझ्याकडे.

मला भीती वाटते आहे. हाताशिवाय मला काय येतं? दुसरं काहीच शिकले नाही.

१८ मार्च
बॅग घेऊन निघाले. कुणी अडवलं नाही. श्रीगोंद्याच्या स्टँडवर एसटीत चढताना दाराच्या दांडीभोवती बोटं आवळली आणि सुटेनात. कंडक्टरने ओढलं, दोन बायांनी ओढलं. गाडी माझ्यासाठी थांबलेली, माणसं वैतागलेली. शेवटी डाव्या हाताने आप्पासाहेबांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, फोटोसाठी खटका अडकवून ठेवला होता, सोडतो. बोटं उघडली.

परत आले. दुसरं काय करणार.

१९ मार्च
भर दुपारी ब्लेड घेऊन पाहुण्याच्या करंगळीवर ठेवलं. हात छाटावा आणि सुटावं. जरासं टेकवलं — माझी करंगळी उकलली. रक्त नाही. आत पिवळं, भुसभुशीत.

आप्पासाहेब दारात होते. रागावले नाहीत. ब्लेड काढून घेतलं.

“आता ह्यो हात पाहुन्याचा हाय, ताई. जुळलाय. कापायचा न्हाई.”

२१ मार्च
आईचा फोन. मजेत आहे म्हटलं. काय सांगू? कुणाला पटेल?
अक्षर बिघडतंय. कोपरापर्यंत बधिर —

२३ मार्च
पाहुण्याचा डावा हात विजोड दिसतो, असं आप्पासाहेब म्हणतात. नवा उजवा, तडकलेला डावा. जोडी हवी. मी पाया पडले. रडले. ते माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, जबरदस्ती कुणी करणार नाही.

“धरायला मानूस कशाला? तुमचाच हात तुमाला धरील.”

२४ मार्च
नगरहून दोघे संग्राहक पाहुणा बघायला आलेत. आप्पासाहेब त्यांना मूठ दाखवतायत. म्हणून पेन धरता येतंय — खांद्याने लिहितेय —

आई, डावा हात अजून माझा आहे. पाणी गार लागतं. सकाळी पाहिलं —

कानिफनाथ बादली घेऊन आला. पावडर कालवतोय. तोंड हसतंय त्याचं, शेडमधले लोक खटका दाबून हसवतायत — डोळ्यांतून धार —

चांगुणाबाई माझ्या डाव्या मनगटाशी — नको म्हटलं त्यांना — त्यासुद्धा रडतायत —

खटका सोडतील आता. बोटं उघडतील, मग त्या माझा उजवा हात डाव्या मनगटावर ठेवतील आणि आप्पासाहेब पुन्हा खटका दा