गुप्तहेराचा उपास

औंढा, शनिवार, शके १८६१

तीर्थस्वरूप माणिकदादांच्या चरणी द्वारकेचा नमस्कार पोचावा. वहिनींचा खोकला उतरला का, लेकराला दात आले का, ते सविस्तर कळवावे. इकडे सर्वांची प्रकृती बरी आहे. माझी कशी आहे ते पुढे वाचून तुम्हीच ठरवावे.

तुम्ही हैदराबादहून पाठवता त्या पुस्तकांतल्या गुप्तहेर अरिंजयाने मला पार थकवले आहे. सुनेने कादंबरी वाचणे या घराच्या रीतीत बसत नव्हते. पण तो दारू पीत नाही, परस्त्रीला माता म्हणतो आणि गळ्याला सुरी लागली तरी खोटे बोलत नाही, हे कळताच सासूबाईंनी ठरवले की असा माणूस म्हणजे पोथीच. तेव्हापासून पुस्तक पाटावर असते. (रोजच्या हळदीकुंकवाने मुखपृष्ठावरचा खुनी आता सवाष्ण दिसतो.) हातपाय धुऊन बसायचे, अध्याय अर्धा सोडायचा नाही, आणि ऐकायला येणारी एखादी बाई उशिरा आली तर तिचे पुण्य बुडू नये म्हणून पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या पारुबाईंच्या भाकऱ्या लवकर उरकत नाहीत, त्यामुळे एकाच सावकाराचा खून मी एका दुपारी तीनदा वाचला आहे. मग बाया गूळखोबरे घेऊन घरी जातात आणि मी घसा शेकते.

परवा नवे पुस्तक काढले. दरोडेखोर एका लेकराला शोधत येतात, लेकरू अरिंजयाच्या मागच्या खोलीत, आणि तो काय म्हणणार ते मला दोन ओळी आधीच दिसले. गाळता आले असते. पण वाचताना शब्द गाळणे ही चोरीच, असे बाबांनी आपल्याला ओसरीवर बसवून शिकवले. मी खोकले, पाणी प्याले आणि वाचले, "इथे कोणी लेकरू आलेले नाही."

सासूबाईंच्या हातातली वात तशीच राहिली. "खोटं बोलला!"

"लेकरापायी बोलला, आशाबाई," पारुबाई सासूबाईंना म्हणाल्या. "काहून जिवाला तकलीफ करून राहिल्या?"

"तुमी बोला लेकरापायी. त्यानं बोलू न्हाई."

"मंग काय, देऊन टाकावं व्हय लेकरू?"

पोथी बांधून फळीवर गेली. अध्याय अर्धा राहिला म्हणून त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत, म्हणून मीही नाही. सकाळी निकाल लागला. अरिंजयाने दोन शनिवार प्रायश्चित्ताचे उपास धरले तरच पोथी पुढे चालेल, नाहीतर कायमची बंद. तो कसा धरणार, असे मी विचारले. म्हणाल्या, "खोटं बोललं कोनाचं तोंड?" तेव्हा खोटे त्याचे आणि शनिवार माझे. आज पहिला.

तरी दादा, तो बोलला ते बरोबरच, असे मला वाटते. असे वाटणे पाप असल्यास लगेच कळवावे, म्हणजे याच उपासात उरकेल.

तुमची,
द्वारका

ता. क. पुढचे पुस्तक आधी स्वतः वाचून तो त्यात किती खोटे बोलतो ते कळवावे. फारच बोलत असेल तर पाठवू नये.

पुन्हा ता. क. पत्र मिटताना सासूबाई आल्या, दार लोटले आणि हळूच म्हणाल्या, "पोरी, लेकरू वाचलं का गं?" मी म्हणाले, "वाचलं." (फळी झाडताना पोथीची गाठ सुटून पान उलटले, डोळे मिटून झाडता येत नाही.) त्यांनी हातातली वात वळून पुरी केली. मग म्हणाल्या, "दुसरा शनवार मी धरते. दादाला लिव्ह, पुढचं लवकर धाडा. बोलला तर बोलला."

तरी पुस्तक पाठवावेच, आणि त्याबरोबर साबुदाणा. इथल्या दुकानात येत नाही, आणि तो पुन्हा खोटे बोललाच, तर आता उपासाचे खाणाऱ्या दोघी आहेत.