सरकारसाठी उभं ठेवलेलं गवत

असोदा,
६ एप्रिल २०२६

चि. पितांबर यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तू, रूपा आणि मुलं खुशाल असाल असं धरून चालते, कारण विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. फोन केला की रूपा सांगते, ते आंघोळीला गेलेत. सकाळी आंघोळ, दुपारी आंघोळ. नाना गेल्यापासून तुझी आंघोळच चालली आहे. धुळ्याला पाण्याची टंचाई असते म्हणतात, मग तुला एवढं पाणी मिळतं कुठून तेही कळव. पत्राचं बरं असतं. माणूस आंघोळीला गेला तरी ते टेबलावर पडून राहतं.

माझं म्हणशील तर बरी आहे. गुडघा कुरकुरतो, मी लक्ष देत नाही. रेल्वेची पेन्शन वेळेवर येते. भुसावळचा फ्लॅट भाड्याने देऊन मी नानांच्या मळ्यातल्या खोलीत राहायला आले, हे तुला गावाकडून कळलंच असेल. अक्काने बापाच्या जमिनीतला हिस्सा दाबला आणि वर येऊन बसली, असंही कळलं असेल. असो.

मी गवत लावलंय. तूही हसून घे, गाव हसून झालंय. केळीला रात्री-अपरात्री मोटर चालू करायला कोण जाणार? कापूस वेचायला बायका मिळत नाहीत. नाल्याकडच्या तुकड्यात पवना गवताची ठोंबं लावली की ती वर्षानुवर्षं फुटत राहतात. कापायचं, वाळवायचं, पेंढ्या बांधायच्या. जळगावचे म्हशीवाले बांधावरून घेऊन जातात. नानांचा सालदार झिपरू अजून आहे. तो साक्रीकडचा, पन्नास वर्षं इथे राहूनही बोली सोडलेली नाही. पहिल्या दिवशी त्याने ठोंबांच्या टोपलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “अक्का, बठ्ठा लोके गवत निंदतस, आनि तुम्ही लावतस?” मग पारावर जाऊन, सगळे लोक गवत निंदून काढतात आणि अक्का लावते, हे गावभर सांगून आला.

पण गवत काय आलं म्हणून सांगू. कमरेएवढं. वाऱ्यावर हललं की मी कामं सोडून बघत बसत असे.

पंचायतीच्या भिंतीवर लिहिलंय की वैरण पिकवणाऱ्याला अनुदान मिळतं, कडबाकुट्टीचं यंत्र घ्यायलाही मिळतं. खाली एक गाय रंगवली आहे. ती हसते आहे. ती का हसते ते मला आता कळलं. मी अर्ज केला. दिवाळीनंतर पाहणीला एक पोरगेलासा साहेब आला, काळा चष्मा लावून.

“पीक कुठंय, मॅडम?”

मी गंजी दाखवली. दोन माणसं उंच, वरून ताडपत्री.

“हे उत्पादन झालं. मला उभं पीक लागतं. त्याचाच फोटो चढतो.”

मी त्याला समजावलं की गवत फुलोऱ्यावर आलं की कापावंच लागतं, उभं ठेवलं तर त्याची नुसती काडी होते, गुरं तोंड लावत नाहीत. कापून वाळवतात म्हणून तर त्याला वैरण म्हणतात. त्याने सगळं ऐकून घेतलं, अगदी बरोबर आहे म्हणाला, खुंटांचा एक फोटो काढला आणि लिहिलं, ‘गवत पड’. म्हणजे नांगर न लागलेली, ओस पडलेली जमीन, जिच्यावर आपोआप काहीतरी उगवतं. मी म्हटलं, आपोआप तुझी दाढी उगवते. हे मी लावलंय. तर म्हणाला, यंत्रणेत तसंच येतं.

माझ्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर अग्नेस होती, अक्षर समासाबाहेर गेलं की बोटांवर पट्टी मारायची. या लोकांना वेळेवर सिस्टर अग्नेस भेटली नाही, याचं मला रोज वाईट वाटतं.

अनुदानाच्या पैशांवाचून माझं अडलेलं नाही. पण नानांनी आयुष्यभर या जमिनीचा एक वाफा रिकामा ठेवला नाही, आणि माझं नाव लागल्यावर पहिल्याच वर्षी कागदावर ‘पड’? मग मी हट्टालाच पेटले. पुढच्या फुटव्यातला विहिरीलगतचा एक पट्टा कापलाच नाही. साहेबासाठी उभा ठेवला. तो पिवळा पडला, बी झडलं, वेताच्या छडीसारखा कडक झाला. कुणाची बकरी तिकडे वळली की झिपरू ओरडायचा, “तठे नको, ते सरकारनं शे.” बकरीसुद्धा एकदा हुंगून परत फिरायची.

फेब्रुवारीत साहेब आला, त्या पट्ट्यापुढे उभं राहून फोटो काढला आणि खुशीत म्हणाला, “आता कसं, मॅडम!” नोंद झाली, चारा पीक. म्हणजे जे गुरं खातात ते पड, आणि जे बकरीही खात नाही ते पीक. मी वाद घातला नाही. मी दमले होते, पितांबर.

एवढ्यावर संपायला हवं होतं. पण अर्ज पुढे सरकेना, म्हणून परवा जळगावला शेहजादच्या सेवा केंद्रात गेले. मुलगा गुणी आहे. इतर ठिकाणी मी मॅडम, तो मला अक्का म्हणतो आणि पंख्याखाली बसवतो. त्याने पडदा माझ्याकडे वळवून दाखवलं. “अक्का, उताऱ्यावर दोन नावं आहेत. पितांबर भाऊंचं संमतीपत्र लागेल, या महिन्याच्या आत. नाहीतर अर्ज आपोआप रद्द.” त्यातही आपोआप आहेच. मग कागद छापून दिला आणि म्हणाला की पोस्टाने पाठवा, भाऊ सही करून परत पाठवतील, त्यांना यायचीसुद्धा गरज नाही. तुला शोधायला त्रास नको म्हणून सहीच्या जागी पेन्सिलीने फुल्या करून दिल्या.

मी कागदाकडे बघतच राहिले, तेव्हा त्याला वाटलं मला अडचण आहे. म्हणून आपलेपणाने म्हणाला, “त्यापेक्षा वाटणीच करून घ्या ना. तुमचं तुम्हाला, भाऊंचं भाऊंना. मग कुणाला विचारायला नको.”

“शेहजाद,” मी म्हटलं, “तुला तरी कुणी विचारलं?”

बिचाऱ्याने पडदा परत आपल्याकडे वळवला. त्याने मागवलेला चहा मी घेतला नाही. त्याचं काही चुकलं नव्हतं. बसमध्ये बसल्यावर वाईट वाटलं, पुढच्या वेळी जाताना काहीतरी खाऊ नेईन.

पण फुल्यांचं तुला सांगायला हवं. नानांचे दिवस झाले आणि महिन्याभरात तू हक्कसोडीचा कागद पाठवलास. कुरियरने. सोबत चिठ्ठीची एक ओळ नाही, नुसत्या पेन्सिलीच्या फुल्या, इथे आणि इथे. आपल्याकडे सगळ्या बहिणी त्या कागदावर सही करतात, साडी घेतात आणि वर्षातून एकदा अक्षय्य तृतीयेला, आपल्या अखाजीला, पुरणपोळी खाऊन जातात, हे मला ठाऊक आहे. मीही केली असती. तू येऊन समोर बसला असतास, तर चहा गार व्हायच्या आत केली असती. नाना गेले, अक्का, आता आपण दोघंच, एवढं म्हणाला असतास तर पेनसुद्धा मीच दिलं असतं. तू फुल्या पाठवल्यास. मी कागद तसाच परत पाठवला. तुला वाटलं अक्काला जमीन हवी. त्यानंतर दोन अखाज्या झाल्या. मला न्यायला कुणी आलं नाही.

वाटणी मला नको आहे. तुला हवी असेल तर तसं तोंडाने सांग. कुठूनही रेघ ओढली तरी विहीर तुझ्याकडे जाते आणि कडुनिंब माझ्याकडे येतो. मग पाण्यासाठी मी तुझी परवानगी काढायची आणि सावलीसाठी तू माझी? उताऱ्यावर नानांच्या जागी आपली दोन नावं एकाखाली एक आहेत. शेहजादच्या पडद्यावर मी ती पहिल्यांदा तशी पाहिली. त्यांच्यामध्ये रेघ ओढायला मी कुणाला बोलावणार नाही.

संमतीपत्र मी या पाकिटात घातलं होतं. पाकीट चिकटवायला घेतलं आणि कागदाच्या आरपार त्या फुल्या दिसल्या. काढून घेतलं. तेव्हा पाकीट झटकून बघू नकोस, आत दुसरं काही नाही. मुदत गेली तर जाऊ दे, भिंतीवरची गाय आणखी थोडी हसेल.

अखाजी एकोणीसला आहे. सासरच्या लेकीला आणायला माहेराहून मुराळी जातो. हल्ली माहेरात मीच राहते, तेव्हा मुराळीही मीच. सतराला सकाळच्या पहिल्या बसने धुळ्याला येते आणि तुम्हा सगळ्यांना घेऊन दुपारी परत निघते. पितरांची घागर नानांच्या नावाने यंदा त्यांच्या विहिरीच्या पाण्याने भरायची, तुझ्या फ्लॅटच्या नळाने नाही. झिपरूने कडुनिंबाला झोका बांधलाय. माझा गुडघा आता त्यावर चढत नाही, पण रूपा बसेल, तिला सांग.

सही करायची की नाही, ते इथे जेवून झाल्यावर ठरव. फुल्या मी खोडून टाकल्या आहेत. कुठे करायची ते तुला बोटाने दाखवीन.

आणि सतराला तेवढी आंघोळ लवकर उरकून घे.

उताऱ्यावर तुझ्याच नावाखाली राहणारी,
अक्का